माहितीचा अर्ज टाकताय ना, मग "का" विचारू नका, कागद मागा

आपल्या नागपुरात सिमेंट रोडला भेगा पडल्या की लोक चिडून माहिती अधिकाराचा (आरटीआय) अर्ज करतात आणि पहिलीच ओळ लिहितात, "रस्ता निकृष्ट का झाला?" मी पण पहिल्यांदा हेच केलं, महिनाभर वाट पाहिली आणि उत्तर आलं की असा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. लय वाईट वाटलं, पण ते बरोबर होतं, 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात रेकॉर्डवर जे आहे तेच मिळतं, साहेबांनी कारणं शोधून द्यायची नसतात.

तर त्या कामाचं अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, मटेरियलचे टेस्ट रिपोर्ट आणि एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका मागा. एमबी सोडूच नका, त्यात लांबी, रुंदी, जाडी सगळं लिहून असतं, टेप घेऊन रस्त्यावर गेलं की ताडून पाहता येतं, आणि कुठं पाइपसाठी खोदून ठेवलं असेल तर जाडी पण उघडी दिसते. सोबत "फाइल बघायची आहे" हे पण लिहा, पहिला तास फुकट, नंतर दर 15 मिनिटांना 5 रुपये, आणि मग कामाच्या पानांच्याच झेरॉक्स घ्या, 2 रुपये पान. मटेरियलचा नमुना सुद्धा मागता येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही.

अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या फॉर्ममध्ये, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, वर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. केंद्राच्या ऑफिसला मात्र हे स्टॅम्प चालत नाही, तिथं पोस्टल ऑर्डर लावा. माहिती कशाला पाहिजे असं कोणी विचारलं तर सांगायची गरज नाही. रस्ता महापालिकेचा, नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास) की पीडब्ल्यूडीचा (सार्वजनिक बांधकाम विभाग) हे कळत नसलं तरी टाका, चुकीच्या ऑफिसात गेला तर त्यांनीच 5 दिवसांत पुढे पाठवायचा असतो.

30 दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत तिथल्याच वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, स्टॅम्प 20 चं. तिथंही नाही झालं तर 90 दिवसांत माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ, मुंबईला जावं लागत नाही. हे सगळे दिवस तारखेवरून मोजतात म्हणून अर्ज देताना आपल्या कॉपीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.