मुंबई ते न्यूयॉर्क किती तास? हिशेबातल्या या चुका टाळा

अंतर साधारण 12,500 किलोमीटर, वेग ताशी 900, म्हणजे चौदा तास. एवढा भागाकार करून लोक पुढचं सगळं ठरवतात आणि तिथेच फसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक तारखेची. तिकिटावर 15 तारीख, वेळ 00:50. घरातले 15 ला रात्री जेवून, बॅगा घेऊन विमानतळावर पोहोचतात, तेव्हा विमान न्यूयॉर्कला उतरूनही बरेच तास झालेले असतात. 00:50 म्हणजे 14 ची रात्र संपल्यावरची वेळ. पुण्याहून निघणार असाल तर कॅलेंडरवर 14 ला संध्याकाळी 5 असं लिहा: घाटासकट रस्त्याला चार-पाच तास, विमानतळावर तीन तास. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, मग विनवण्यांचा उपयोग नसतो. घरच्या कॅलेंडरवर विमानाची वेळ लिहूच नये, घर सोडायची वेळ लिहावी.

दुसरी चूक घड्याळाची. सुटण्याची वेळ मुंबईची असते, पोहोचण्याची न्यूयॉर्कची. जाताना रात्री 1:30 ला निघून सकाळी 7 ला पोहोचलात, तर प्रवास साडेपाच तासांचा नसतो. येताना दुपारी 12 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12:30 ला उतरलात, तर साडेचोवीस तासही नसतात. हिवाळ्यात दोन शहरांत साडेदहा तासांचा फरक असतो. जाताना तो मिळवा: 16 तास. येताना वजा करा: 14 तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेनऊ धरा. दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत कागदावर लिहायच्या, मगच वजाबाकी. तोंडी हिशेब करू नका.

जाताना जास्त वेळ लागतो याचा पृथ्वीच्या फिरण्याशी थेट संबंध नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीमागून ढकलतात.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. ती रेघ सौदी अरेबिया, सहारावरून जाते. गोलावरची सर्वांत जवळची वाट मुंबईतून वायव्येलाही नाही, त्याहून उत्तरेकडे वळते आणि नॉर्वेच्या बाजूने जाते. दोरा आणि पृथ्वीगोल घेऊन पाहा. तीही प्रत्यक्षात मिळेलच असं नाही: 2022 पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्या रशियावरून जात नाहीत, आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. वळसा पडला की तास वाढतात.

अंतर मैलांत दिलं असेल, तर मैल कुठले ते बघा. 12,500 किलोमीटर म्हणजे साधे मैल सुमारे 7,770, सागरी मैल सुमारे 6,750.

स्वस्त म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडत असाल, तर मधे दीड तास ठेवणं हा निव्वळ उतावीळपणा. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, बहुतेकदा बॅगाही तिथेच घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. एका तिकिटावर किमान तीन तास ठेवा. वेगळी तिकिटं असतील तर पाच, कारण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी बांधील नसते.