कॉम्पोझिटच्या कामात या चुका टाळा

वजन पाहिलं तर बोइंग ७८७चा निम्मा आणि एअरबस ए३५०चा त्याहून थोडा जास्त भाग कॉम्पोझिटचा, म्हणजे मुख्यतः इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेल्या कार्बन धाग्यांच्या थरांचा, असतो. ७८७चे फ्लोअर बीम नागपूरच्या मिहानमध्ये बनले आहेत, म्हणजे हे काम आता आपल्यापासून लांबचं राहिलेलं नाही. तरी नव्या मुलांच्या चुका त्याच त्याच.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे फ्रीझरमधून काढलेल्या प्रीप्रेगची (इपॉक्सी आधीच मुरवलेल्या कार्बन कापडाच्या रोलची) पिशवी लगेच फोडणं. रोल उणे १८ अंशांवर असतो. गार कापडावर हवेतलं पाणी बसतं, थरांत अडकतं आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, १८० अंशांना त्याची वाफ होऊन आत पोकळ्या राहतात. मी होतो त्या एका शॉपमध्ये रात्रपाळीच्या मुलाने टार्गेट गाठायच्या घाईत हेच केलं. पॅनेल बाहेर आलं ते आरशासारखं. सगळे खूश. अल्ट्रासॉनिकला (ध्वनिलहरींनी आतलं तपासायला) लावलं तर निम्म्या भागात पोकळ्या. थेट भंगारात! ॲल्युमिनियमचा तुकडा वाया गेला तर वितळवून वापरता येतो. क्युअर झालेलं, म्हणजे भट्टीत कडक झालेलं, इपॉक्सी पुन्हा वितळत नाही. कापड, मजुरी, ऑटोक्लेव्हचा सगळा फेरा पाण्यात. कॉम्पोझिट महाग का, असं विचारणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

मी रोल आदल्या पाळीतच बाहेर काढतो आणि पिशवीवर मार्करने वेळ लिहितो. फोडण्याआधी पिशवी कोरड्या फडक्याने पुसायची. पुन्हा दव धरलं तर अजून थांबायचं. पंखा लावून, हीटरजवळ ठेवून वेळ वाचवणारे मला अजिबात पटत नाहीत.

दुसरी चूक: ‘पाना पडला, पण काही दिसत नाही.’ ॲल्युमिनियमला पोचा येतो. कार्बनचा पृष्ठभाग जागच्या जागी येतो आणि आतले थर सुटलेले असतात. म्हणून पडलं की सांगा, लपवू नका. नाण्याने ठोकल्यावर बद्द आवाज आला तर गडबड नक्की. खणखणीत आला तरी जाड भागात त्यावर विसंबू नका, स्कॅन कराच.

कार्बनला ॲल्युमिनियमचे रिव्हेट थेट मारू नका, गंजतात. टायटॅनियमचे वापरा.

ड्रिल मारताना मागे फळी धरा, नाहीतर शेवटचा थर फाटतो.

प्रत्येक थराच्या मागून सोललेला बॅकिंग कागद मोजून ठेवा. एक कमी भरला तर तो आतच राहिलाय.

आणि रोल परत फ्रीझरमध्ये टाकला म्हणून बाहेर गेलेले तास भरून येत नाहीत, तेवढ्या वेळात इपॉक्सी थोडं थोडं घट्ट होत गेलेलं असतं. ते रजिस्टरमध्ये लिहा, त्याच वेळी.