स्पेलिंगचं सॉफ्टवेअर निवडताना आधी हे पाहा

लहान मुलांसाठी स्पेलिंगचं सॉफ्टवेअर घेताना चित्रं आणि गाणी नंतर बघा. आधी तपासा, शब्द नुसता ऐकून मुलाला तो स्वतः टाइप करावा लागतो का? चार पर्यायांतल्या बरोबर शब्दावर क्लिक करणं ही फक्त ओळख झाली. अक्षरं आठवून लिहावी लागतात तेव्हाच स्पेलिंग पक्कं होतं. 'कॅट' आणि 'काइट' दोन्हींची सुरुवात 'क'च्या आवाजाने, पण एकात सी आणि दुसऱ्यात के. हा गोंधळ कानाने ऐकून, हाताने लिहूनच सुटतो. चुकल्यावर लगेच उत्तर दाखवण्यापेक्षा पुन्हा शब्द ऐकवणारं सॉफ्टवेअर मला कितीतरी चांगलं वाटतं.

मोफत हवं असेल तर जीकॉम्प्री बघा. ते २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात गाळलेलं अक्षर शोधायचा आणि वरून पडणारे शब्द टाइप करायचा असे खेळ आहेत. (पडणारे शब्द मात्र कीबोर्डची सवय झाल्यावरच द्या, नाहीतर घाईत मूल रडकुंडीला येतं.)

रोज १० मिनिटं पुरे. कॉम्प्युटर बंद करण्याआधी चुकलेले चार-पाच शब्द पेन्सिलीने वहीत लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यापासूनच सुरुवात करा.