आधी घेर बघा, मग इन करा: शर्ट खोचताना होणाऱ्या चुका

मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल सूचना काढल्या. पुरुष शिक्षकांनी शर्ट-पँट घालावी, शर्ट इन केलेला असावा, जीन्स-टी-शर्ट आणि नक्षीचे शर्ट नकोत, असं त्यात होतं. शाळा उघडायच्या आधी माझ्या दुकानात शिक्षकांची रीघ लागली. घरातले चार-पाच शर्ट पिशवीत घालून आणायचे आणि म्हणायचे, "हे इन करता येतील असे करून द्या." त्यातले निम्मे शर्ट मुळात बाहेर ठेवायलाच शिवलेले होते.

मी तीस वर्षं शर्ट शिवतोय. इन निसटला की माणूस पोटाला दोष देतो, नाहीतर "आपल्याला जमत नाही" म्हणून सोडून देतो. मला मात्र बहुतेक वेळा दोष कपड्यात सापडलाय: शर्टाच्या उंचीत, मुंढ्यात (बगलेजवळ बाही जोडतात तिथे) नाहीतर पँटच्या आसनात (कमरपट्टीपासून दोन पायांच्या जोडापर्यंतच्या भागात). म्हणून आधी कपडा तपासा.

घेर न बघताच ठरवणं

शर्ट पलंगावर पसरा आणि खालची कड बघा. पुढची-मागची बाजू जिभेसारखी खाली उतरलेली आणि दोन्ही कुशींना कड वर चढलेली असेल, तर तो गोल घेर. हा इन करण्यासाठी कापलेला. युरोपात एके काळी शर्ट आत घालायचं वस्त्र होतं, त्याची लांब टोकं मांड्यांमधून घेत. गोल घेर ही त्याचीच उरलेली खूण आहे. पण तो आजही कामाचा आहे. कुशींना कापड कमी असल्यामुळे कमरेवर गठ्ठा होत नाही, आणि पुढेमागे जास्त असल्यामुळे वाकलं-बसलं तरी शर्ट वर येत नाही.

कड सरळ आणि बाजूंना छोटे काप असतील, तर शर्ट बाहेर ठेवा. बुशशर्ट या जातीचा. असा शर्ट खोचला की कुशीचं सगळं कापड कमरेवर गोळा होतं, आणि ते कितीही दाबलं तरी बसत नाही. सफारी आणि नेहरू शर्ट कधीच खोचू नयेत. कॉलरच्या टी-शर्टाची मागची बाजू पुढच्यापेक्षा लांब असेल तर तो खोचायला चालतो, ती लांबी त्यासाठीच दिलेली असते.

गोल घेराचा शर्ट बाहेर सोडला तर चालेल का? हे उंचीवर आहे. ताठ उभे राहा. कड पँटच्या मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत आणि पुढे चेनच्या मध्यापर्यंत यावी. त्याखाली गेली की पाय आखूड दिसतात, आणि फार वर असली तर फळीवरचा डबा काढताना पोट उघडं पडतं. साडेपाच फुटांच्या माणसाला मी इनसाठी २९ ते ३० इंच उंची धरतो आणि बाहेर ठेवायच्या शर्टाला २७. पुष्कळ जण म्हणतात, "२८ करा, दोन्हीला चालेल." तो शर्ट बाहेर सोडला की लोंबतो आणि खोचला की निघतो. माप देतानाच काय ते ठरवा.

लांब शर्ट कापून आखूड करता येतो, पण शेवटच्या बटणाखाली निदान अडीच इंच कापड राहायला हवं. नाहीतर बसलं की पुढची दोन टोकं फाकतात.

हात खाली ठेवून आरशात बघणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून हे सविस्तर सांगतो.

एक गणिताचे शिक्षक आले. शर्टाची उंची ३० इंच, घेर गोल, पँट कमरेला बरोबर. तरी प्रत्येक तासाला उजवीकडचा इन निसटायचा, फक्त उजवीकडचा. मी त्यांच्या हातात माझा खडू दिला आणि म्हटलं, "सर, भिंतीवर एखादं गणित लिहा." त्यांनी हात उचलला, दोन ओळी लिहिल्या. मी त्यांच्या कुशीकडे बघत होतो. बाहीबरोबर कुशीची शिवण वर सरकली, तिच्यामागे कड आली आणि दुसऱ्या ओळीला बेल्टवर चार बोटं कापड लोंबू लागलं.

मुंढा खाली होता. बगलेच्या आणि शर्टाच्या मुंढ्याच्या मध्ये जवळजवळ तीन इंचांची पोकळी. सैल हवा म्हणून त्यांनी दोन नंबर मोठा तयार शर्ट घेतला होता. मुंढा असा उतरला की बाही आणि कूस जणू एकच कापड होतं. हात वर केला की बाही एकटी उचलली जात नाही, अख्खी बाजू ओढली जाते. मुंढा बगलेजवळ असेल तर हात फिरतो आणि शर्ट खाली जागेवर राहतो. घट्ट मुंढ्याने हात अडकेल असं लोकांना वाटतं, पण नीट कापलेला वरचा मुंढा हाताला जास्त मोकळीक देतो. हे मला वडिलांनी कटिंग शिकवताना दाखवलं होतं, आणि आजवर ते खोटं ठरलेलं नाही.

तयार शर्टाचा उतरलेला मुंढा फारसा वर नेता येत नाही, कारण तिथलं कापड आधीच कापून गेलेलं असतं. म्हणून शर्ट घेतानाच ट्रायल रूममध्ये इन करा आणि फळ्यावर लिहितो तसा हात वर करा. कड एक-दोन इंच वर आली तर चालेल. बेल्टच्या बाहेर आली तर तो शर्ट परत हँगरला लावा. एसटीत दांडीला धरून उभं राहणाऱ्याला, दुकानात वरच्या फळीवरून माल काढणाऱ्याला हीच परीक्षा लागू.

दोष पँटचा, राग शर्टावर

पुढच्या आसनाची उंची आठ इंच असलेली पँट कमरेखाली बसते. तिच्यात शर्टाचं जेमतेम चार बोटं कापड आत राहतं, खाली बसलात की तेही बाहेर. इन करायचा असेल तर दहा-अकरा इंच आसनाची, बेंबीच्या दोन-तीन बोटं खाली बसणारी पँट हवी.

पोट सुटलेलं असेल तर पँट पोटाखाली ढकलून बेल्ट आवळू नका. आवळलेला बेल्ट चालताना आणखी खाली घसरतो आणि शर्टाला घेऊन जातो. पँट थोडी वर घ्या, कंबर अर्धा इंच सैल करून घ्या आणि पुढे दोन चुण्या ठेवा. मोठ्या पोटाच्या माणसाला व्यवस्थित बसलेली चुण्यांची पँट फार शोभते, हे मी अनुभवाने सांगतो. शिवाय पँटच्या कमरपट्टीला आतून रबराच्या रेषा असलेली पट्टी लावून घ्या. टेरिकॉटसारखं निसरडं कापडही ती धरून ठेवते. शर्टाखाली सुती बनियन असेल तर आणखी बरं. घामही टिपला जातो आणि शर्ट सरकत नाही.

बेल्ट लावून मग कोंबणं

घाईत सगळे हेच करतात, बेल्ट लावलेला, चेन वर आणि बोटांनी शर्ट आत ढकलायचा. मग कमरेभोवती उश्या. पँट उघडी ठेवा. शर्टाचं शेवटचं बटणसुद्धा लावा. दोन्ही तळवे सपाट ठेवून शर्ट चारही बाजूंनी मांडीच्या दिशेने खाली ओढा. आता दोन्ही कुशींच्या शिवणी चिमटीत धरा, जास्तीचं कापड बाहेर ओढा आणि त्याची घडी मागच्या बाजूला दुमडा. ती घडी अंगठ्याने दाबून धरूनच पँटचं बटण लावा, मग चेन, मग बेल्ट. फौजेत आणि पोलिसांत असाच शर्ट घालतात. पाठीमागचा फुगा यानेच जातो. घडी फार मोठी होत असेल तर शर्ट सैल आहे, कुशीत शिवण घालून घ्या. ते अर्ध्या तासाचं काम आहे.

शेवटी दोन्ही हात एकदा डोक्यावर न्या आणि खाली घ्या. जेवढं कापड सुटलं तेवढं सुटू द्या. ताणून बसवलेला इन पहिल्या बैठकीतच बटणांवर ओढ आणतो.

शर्ट चड्डीत खोचू नका. इलॅस्टिक कापड ओढतं, पुढे आडव्या सुरकुत्या पडतात आणि वाकलं की चड्डीची पट्टी दिसते. बनियन चड्डीत, शर्ट त्यावरून पँटमध्ये.

आणि बटणपट्टीची कड, बेल्टचं बक्कल, चेनची पट्टी, तिन्ही एका रेषेत. बघायला दोन सेकंद लागतात.

अर्धा इन

पुढून खोचलेला आणि मागून सोडलेला शर्ट कॉलेजात, लग्नाच्या हळदीला ठीक. मुलाखतीला, वर्गात, बँकेत कर्ज मागायला जाताना तो विसरून राहिल्यासारखा दिसतो. मला तो तिथे पटत नाही.

कापड न भिजवता शिवणं

सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतं. तीस इंचांतला पाऊण-एक इंच सहज जातो आणि शर्ट जो आत राहायचा तो बाहेर येऊ लागतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, शिंप्याने कापड खाल्लं. शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात घाला, न पिळता सावलीत वाळवा, मग आणा. तयार सुती शर्ट घेताना एक इंच जास्त उंचीचा घ्या.

वाढत्या अंगाचं मूल

मुलांचे गणवेश आपण वाढत्या अंगाचे घेतो, ते बरोबरच. पण मूल उंचीने वाढतं तेव्हा छातीत शर्ट अजून ढगळ असतो, आणि खाली मात्र खोचायला कापड उरत नाही. घरात ते कळत नाही, कारण अंगावर शर्ट सैलच दिसतो.

गेल्या वर्षी एक आई तिसरीतल्या मुलाला घेऊन आली. शर्ट बाहेर येतो म्हणून त्याला रोज ओरडा बसत होता, आणि तो आता शाळेत जायला कुरकुरत होता. मी शर्ट खोचून पाहिला, पँटच्या आत इंचभरच कापड होतं. त्या लेकराचा काही दोष नव्हता. नवा शर्ट घ्यायची गरजही नव्हती. पांढऱ्या पॉपलिनची तीन इंचांची पट्टी घेराला खालून जोडली. जोड पँटच्या आत जातो, कुणाला दिसत नाही. शिवण चपटी बसवली, म्हणजे पोटाला टोचू नये.

शर्ट घातल्यावर त्याला म्हटलं, हात वर कर. त्याने दोन्ही हात वर केले, मग न सांगता दोन उड्या मारल्या, मग खाली बसून बुटाची नाडी बांधली. उभा राहिला तेव्हा इन जागेवर होता. आईने पिशवीतून दुसरा शर्ट काढून टेबलावर ठेवला.