पोहताना तिरके जाताय? डाव्या-उजव्याच्या या चुका टाळा

कोल्हापुरात बरेच जण पंचगंगेच्या घाटावर, नाहीतर गावाकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले असतात. पाण्याची भीती त्यांची जितकी लवकर जाते तितकी टँकवर शिकणाऱ्यांची जात नाही, हे मान्यच करायला हवं. पण असं शिकलेला माणूस बऱ्याचदा डोकं वर ठेवून एकाच कुशीवर पोहतो आणि ती सवय टँकवरही सुटत नाही.

तिचा पहिला फटका बसतो ब्रेस्टस्ट्रोकला, म्हणजे बेडकासारखे पाय मारत पोहण्याला. कुशीवर पोहताना पाय कात्रीसारखे चालतात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही पाय एकाच वेळी, एकाच पातळीत हलले पाहिजेत आणि लाथ मारताना पावलं बाहेरच्या बाजूला वळलेली हवीत. कात्री मारली की स्पर्धेत थेट बाद. यावर उपाय म्हणजे पाठीवर झोपून, हात मांडीशी ठेवून फक्त ब्रेस्टस्ट्रोकचे पाय मारायचे. एक गुडघा पाण्याबाहेर डोकावत असेल तर आळशी पाय कोणता ते तुम्हालाच दिसेल. भिंत धरून घाईघाईत पन्नास लाथा मारण्यापेक्षा अशा सावकाश दहा लाथा जास्त कामाच्या.

बटरफ्लायलाही हाच काटेकोरपणा लागतो. दोन्ही हात एकदम पुढे आले पाहिजेत आणि भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य जिंकलं, ते याच स्ट्रोकमध्ये.

फ्रीस्टाईलचं, म्हणजे एकेक हात आळीपाळीने पुढे टाकत पोहण्याचं, मात्र वेगळं आहे, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच. दोन्ही हात आरशातल्यासारखे सारखे चालले पाहिजेत, असा हट्ट धरणं हीच एक चूक आहे. नियमात तशी अटच नाही. अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी बहुतेक वेळा उजवीकडेच श्वास घेते आणि तिचा स्ट्रोक घोड्याच्या दौडीसारखा एका बाजूला झोकलेला दिसतो. तरीही 2016 साली रिओमध्ये तिने 800 मीटरचा विश्वविक्रम 8:04.79 असा नोंदवला. तेव्हा एक बाजू थोडी लांब, एक थोडी आखूड असेल तर घाबरू नका. त्या फरकामुळे वेग जातोय का, एवढंच बघा.

वेग जातो तो बहुतेकदा श्वास घेतानाच. समजा तुम्ही उजवीकडे तोंड काढता. त्या क्षणी डावा हात पुढे लांब राहून पाणी धरायला हवा. पण डोकं वर उचललं की त्याला आधार लागतो, मग डावा हात पाणी खाली दाबतो आणि मागे ढकलायला काही उरतच नाही. डोकं वर गेल्यामुळे कंबर खाली जाते, अंग जास्त कलतं आणि तोल सावरायला पाय फाकतात. पाहणारे सांगतात, ‘पाय नीट मार.’ बिचारा पाय मारत राहतो, दोष मात्र डोक्याचा असतो.

म्हणून श्वास घेताना एक गॉगल पाण्यातच ठेवा. तोंड परत पाण्यात जाईपर्यंत पुढचा हात खाली नेऊ नका. शिकायला सोपं म्हणून खालचा हात पुढे ताणून कुशीवर फक्त पाय मारत टँकची एक लांबी करा, मग कूस बदला. कुशीवरची जुनी सवय इथे उपयोगाला येते.

दुसरी खोड म्हणजे हात पाण्यात टाकताना डोक्यापुढची मधली रेष ओलांडणं. हात खांद्यासमोरच पडला पाहिजे. मित्राला लेनच्या टोकाला बसवून मोबाईलवर समोरून शूटिंग करायला सांगा, लगेच कळेल. लेन पूर्ण रिकामी असेल तर मधोमध डोळे मिटून आठ-दहा हात मारा, भिंतीपासून मात्र लांब. प्रत्येक वेळी त्याच बाजूच्या दोरीकडे सरकत असाल तर तिरकेपणा पक्का. अशा वेळी ‘कमजोर’ हाताने जोर काढू नका. आधी हात कुठे पडतो ते सुधारा.

सरावात एक लांबी उजवीकडे, एक डावीकडे श्वास घ्या. नावडती बाजू सुरुवातीला नकोशी वाटते, नाकात पाणी जातं. वेग कमी ठेवा, पण ती लांबी टाळू नका. स्पर्धेत मग आवडीच्या बाजूनेच श्वास घेतला तरी हरकत नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर पोहायला जाणाऱ्यांनी तर हे नक्कीच करावं. समुद्रात टँकसारखी सरळ जायला तळाला काळी पट्टी नसते आणि लाट नेमकी तुमच्या आवडीच्या बाजूने आली तर दुसरी बाजू तयार हवी.