खिळा न मारता लाकडी स्टूल: आधी प्रोटोटाइप कसा बनवायचा

स्टूल दिसायला साधं वाटतं, चार पाय आणि वर एक फळी, पण बसणारा माणूस त्यावर नुसता बसत नाही, तो पुढे सरकतो, मागे रेलतो, दोन पायांवर स्टूल तिरकं करतो, आणि त्या प्रत्येक वेळी सगळा जोर येतो तो जोडांवर. म्हणून चांगल्या लाकडाला हात लावायच्या आधी एक प्रोटोटाइप, म्हणजे नमुन्याचं स्टूल, बनवाच असं माझं ठाम मत आहे. तोही फुल साइझचा आणि खरे जोड कापून केलेला. छोटं मॉडेल केलंत तर दिसतं कसं ते कळेल, पण बसल्यावर हलतंय का, मांडीला कड टोचते का, उचलायला जड आहे का, यातलं काहीच कळत नाही. प्रोटोटाइपला पाइनसारखं स्वस्त, मऊ लाकूड घ्या, फक्त ते सुकलेलं असू द्या आणि जिथे जोड येणार तिथे गाठ नको.

मापं आधी कागदावर मांडू. टेबलाशी बसायच्या स्टूलाची उंची साधारण 430 ते 450 मिमी असते, आपण 440 धरू. बैठक 320 बाय 320, जाडी 22. पाय 38 बाय 38 चे चार, उभे सरळ, तिरके नाहीत, कारण पाय तिरके केले की प्रत्येक जोड अँगलमध्ये कापावा लागतो आणि पहिल्याच स्टूलात ते नको. बैठकीखाली चारी बाजूंनी 70 बाय 20 च्या पट्ट्या, आणि खाली जमिनीपासून 130 मिमीवर 35 बाय 20 च्या तीन पट्ट्या इंग्रजी एचच्या आकारात. पायांच्या बाहेरच्या कडा 300 च्या चौकोनात बसवा. पाय बैठकीच्या फार आत घेतले तर कडेवर बसणारा माणूस स्टूलासकट पालथा होईल, त्यामुळे पाय आत घ्यायचा मोह टाळा.

जोड कुठला? मॉर्टिस-टेनन, म्हणजे पायात चौकोनी खाच आणि पट्टीच्या टोकाला त्यात बसणारी जीभ. स्क्रू का नको, तर पट्टीच्या टोकात स्क्रू गेला की तो लाकडाच्या रेषांना समांतर जातो आणि तिथे त्याची पकड कमी असते. नुसता गोंदही टोकाला नीट धरत नाही. टेननमुळे लांब रेषांचा भाग खाचेतल्या लांब रेषांना चिकटतो, तिथे गोंद खरा धरतो. आणि खांदा, म्हणजे टेननच्या बाजूचा तो सपाट भाग जो पायाला टेकतो, तो स्टूलाला झुलू देत नाही. लोक सगळा जीव टेनन घट्ट बसवण्यात घालतात, पण खांदा नीट टेकला नाही तर घट्ट टेननही काही महिन्यांत सैल पडतं. वरची पट्टी 70 रुंद घेतली ती याचसाठी, रुंदी जितकी जास्त तितका झुलण्याला विरोध जास्त.

टेननची जाडी पट्टीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात, 20 मिमीच्या पट्टीला 8 चालेल कारण 8 मिमीची पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) आणि 8 चं ड्रिल बिट सहज मिळतं. हे महत्त्वाचं आहे, खाचेची रुंदी हत्यारावरून ठरवा, हत्यार खाचेवरून शोधत बसू नका. लांबी 25. पट्टी पायाच्या बाहेरच्या बाजूपासून 5 मिमी आत ठेवा, म्हणजे पाय आणि पट्टी एका पातळीत आणायची कटकट राहत नाही, आणि सावलीची एक रेघ पडते ती छानच दिसते. वरच्या पट्टीची कापायची लांबी अशी काढा: 300 मधून दोन पाय म्हणजे 76 वजा, राहिले 224, हे खांद्यापासून खांद्यापर्यंतचं अंतर, त्यात दोन्हीकडचे 25 मिळवा, झाले 274.

आता एक अडचण येते जी कागदावर पटकन लक्षात येत नाही. प्रत्येक पायात वरच्या दोन पट्ट्या दोन बाजूंनी येतात, आणि आत त्यांची टेनन्स एकमेकांवर आदळतात. आपल्या मापात टेनन 19 मिमीपर्यंत सुखाने जातं, त्यापुढे दुसरं आडवं येतं. यावर उपाय म्हणजे टोक 45 अंशात कापायचं, मग आतल्या बाजूने 17 आणि बाहेरच्या बाजूने 25 अशी लांबी मिळते. दोन टोकांमध्ये थोडी फट राहू द्या, ती आत एकमेकांना टेकली तर खांदा बंद होणार नाही.

440 उंचीतून बैठकीचे 22 गेले की पाय 418 चा होतो, पण पाय 440 लांब कापा, 418 नाही. वरचे 22 मिमी जास्तीचे ठेवायचे कारण वरची खाच टोकाच्या अगदी जवळ असते आणि पटाशी मारताना टोक फुटू शकतं, हा जास्तीचा तुकडा शेवटी कापून टाकायचा. खाचही फायनल टोकापासून 15 मिमी खाली सुरू करा, आणि टेननची रुंदी वरून 15 आणि खालून 5 सोडून 50 ठेवा.

मार्किंगला घाई नको, इथेच स्टूल बनतं किंवा बिघडतं. चारही पाय एकत्र उभे धरा, दोन पुढे दोन मागे, सगळ्यात चांगली दिसणारी बाजू बाहेर, आणि वरच्या टोकांवर चौघांना मिळून एक मोठा त्रिकोण पेन्सिलने काढा. आता प्रत्येक पायावर त्रिकोणाचा एक तुकडा आला, कुठला पाय कुठे आणि कुठल्या तोंडाने हे पुढे कधीही चुकणार नाही. मग चौघांना क्लॅम्पमध्ये आडवे बांधून खाचांच्या वरच्या-खालच्या रेघा गुण्या (काटकोनाचं हत्यार) लावून एकदमच मारा, एकेका पायावर वेगळं मोजलं तर अर्धा मिमी इकडेतिकडे होतंच. पट्ट्यांचे खांदेही तसेच, वरच्या चार आणि खालच्या बाजूच्या दोन अशा सहा पट्ट्यांना 224 एकत्र मारा, सगळ्यांचं अंतर तेच आहे. खांद्याची रेघ पेन्सिलीने नको, धारदार चाकूने मारा, पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते.

खाच करताना आधी 8 च्या बिटने ओळीने भोकं पाडा, 26 मिमी खोल, बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. मग पटाशीने भिंती सरळ करा. आधी खाचा, मग टेनन, हा क्रम उलटा करू नका, कारण टेनन छिलून बारीक करता येतं पण खाच लहान करता येत नाही. टेनन कापताना करवत रेघेच्या टाकाऊ बाजूला चालवा आणि रेघ शिल्लक ठेवा, राहिलेलं पटाशीने घ्या.

फिट कसं ओळखायचं? हाताने दाबल्यावर अर्धं जातं आणि मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) दोन-चार हलक्या ठोक्यांनी पूर्ण बसतं, ते बरोबर. पाय उलटा धरला आणि पट्टी आपोआप खाली पडली तर सैल आहे, टेननच्या गालावर, म्हणजे रुंद बाजूवर, रंध्याचं पातळ छिलकं चिकटवून पुन्हा बसवा. आणि जोरात ठोकावं लागत असेल तर थांबा, पाय उभा चिरतो. पहिला जोड दोन फालतू तुकड्यांवर करून तो मधोमध उभा कापून बघा असं मी आवर्जून सांगेन, आत किती फट आहे आणि टेनन कुठे टेकलंय हे डोळ्यांनी दिसतं.

खालची मधली पट्टी आडवी झोपवून लावा, म्हणजे तिची खाच बाजूच्या पट्टीच्या रेषांच्या दिशेने जाते, उभी लावली तर खाच रेषा तोडत जाते आणि पट्टी कमजोर होते. तिचं टेनन 12 मिमी पुरे. लांबी मात्र कागदावरून घेऊ नका, बाकी सांगाडा गोंदाशिवाय जोडून प्रत्यक्ष मोजा.

सगळं कोरडंच जोडा, क्लॅम्प लावा आणि दोन्ही कर्ण मोजा, 424 च्या आसपास येतील, आकडा थोडा वेगळा आला तरी हरकत नाही पण दोन्ही सारखे हवेत. आता वर नुसती फळी ठेवून सांभाळून बसा, वाचा, जेवा, उठा (पायांवर ते जास्तीचे 22 मिमी अजून असतील तर स्टूल तेवढं उंच लागेल, हे लक्षात ठेवा). उंची जास्त वाटली तर पाय आत्ताच कापता येतात, म्हणून थोडं जास्तच ठेवणं बरं.

पटलं की गोंद. दोन बाजूंच्या चौकटी आधी चिकटवा, त्या सुकल्या की उरलेल्या पट्ट्यांनी जोडा, कारण पांढरा गोंद काही मिनिटांत पकडायला लागतो आणि एका दमात सगळे जोड लावायला वेळ पुरत नाही. गोंद खाचेच्या भिंतींना लावा, तळाशी साठवू नका, नाहीतर टेनन पूर्ण आत जाणार नाही. क्लॅम्प तासभर, आणि वजन टाकायच्या आधी 24 तास जाऊ द्या. पुसताना ओल्या फडक्याने पुसा, सुकलेला गोंद पॉलिशखाली डाग धरतो.

बैठकीची फळी सरळ चिकटवायची नाही. लाकूड हवेतल्या ओलाव्याने रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि 320 रुंदीला दोन-तीन मिमीचा फरक सहज पडतो. चारी बाजूंनी चिकटवली तर फळी तडकेल किंवा पट्ट्या ढकलेल. पट्टीच्या आतल्या बाजूला खोबण करा, त्यात जीभ अडकेल असे छोटे लाकडी ठोकळे बनवा आणि ते ठोकळे फळीला खालून स्क्रू करा, म्हणजे फळी घट्ट राहते पण सरकू शकते. इथे स्क्रू चालतो, कारण तो फळीत आडवा जातो.

स्टूल डुगडुगत असेल तर एकाच पायाला कापत सुटू नका. सपाट जागेवर ठेवा, आखूड पायाखाली कागदाच्या घड्या घालून स्थिर करा, मग पेन्सिल एका ठोकळ्यावर आडवी धरून चारही पायांभोवती एकाच उंचीवर रेघ फिरवा आणि तिथे कापा. खालच्या कडा थोड्या गोल करा, नाहीतर ओढताना पायाची चिपरी उडते.

यानंतर स्टूल रोज वापरात ठेवा, कडेवर बसा, ओढा, मुद्दाम तिरकं करा. कुठला जोड आधी हलतो ते पाहा, आणि बदललेली सगळी मापं बैठकीच्या खालच्या बाजूलाच पेन्सिलने लिहा. खऱ्या लाकडातलं स्टूल करताना, साग असो की ऍश, याच आकड्यांवरून कापा, फक्त कठीण लाकूड दबत नाही त्यामुळे टेनन जरा सुटं ठेवा आणि ठोकताना हात हलका.