बोरिंगच्या पाण्यातलं लोह मोजायला निघण्याआधी

बाटलीत आम्ल घाला. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. १०० मिलीच्या प्रत्येक प्लास्टिक बाटलीत २ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल कॉलेजातूनच घालून न्यायचं, गावात गेल्यावर बघू असं म्हणायचं नाही. बोरिंगचं पाणी बाहेर येतं तेव्हा अगदी नितळ असतं. हवा लागली की त्यातलं विरघळलेलं फेरस लोह न विरघळणारं फेरिक होतं आणि संध्याकाळी एसटीतून उतरेपर्यंत बाटलीच्या तळाशी विटकरी गाळ बसतो. वरचं पाणी क्युव्हेटमध्ये (रंग मोजायच्या यंत्रात, कलरीमीटरमध्ये ठेवायच्या काचेच्या छोट्या भांड्यात) ओतलं की वाचन जवळपास शून्य. म्हणजे ज्या गावात चहा काळपट होतो, तेच गाव वहीत शुद्ध ठरतं. आमच्या मागच्या वहीत अशी शुद्ध गावं बरीच आहेत. परत आल्यावर आम्ल घालू, हेही नको. गाळ बाटलीच्या भिंतीला धरून बसतो आणि किती सुटला, किती राहिला ते कळत नाही.

आम्ल घातलेली बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही! बी.एस्सी.च्या पोरांचा हात विसळण्याला इतका सरावलेला असतो, की बोरिंगजवळ बाटली धरली रे धरली, आम्ल नालीत. ओसंडेपर्यंतही भरायची नाही. झाकणावर ‘आम्ल आहे’ असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि विकतच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या यासाठी वापरूच नका. उन्हाळ्यात गावात कोणीही ती तोंडाला लावेल बाप्पा.

आम्ल शुद्ध प्रतीचं घ्या. फरशी धुवायचं पिवळं आम्ल नको, तो पिवळेपणा बहुतेक लोहाचाच असतो. ब्लँकमध्येही (नमुन्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर घेऊन केलेलं, शून्य लावायचं द्रावण) तेच आम्ल, तेवढंच, आणि पुढची सगळी रसायनं तशीच. नुसतं डिस्टिल्ड वॉटर हा ब्लँक नव्हे.

बोरिंग आधी चांगलं हापसून घ्या, नाहीतर लोखंडी पाइपात रात्रभर साचलेला गंज मोजून याल. पहाटे पहिली घागर भरणारी बाई काय पिते हेच बघायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग वहीत तसं लिहा.

प्रमाण द्रावणासाठी (ज्यातलं लोह आधीच माहीत असतं) मोहर सॉल्ट, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट, ०.७०२ ग्रॅम थोड्या सल्फ्युरिक आम्लात विरघळवून लिटरभर करा, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम लोह. त्यातून पातळ करत जा. फेनँथ्रोलीन हे रसायन फेरस लोहाला धरलं की येणारा केशरी रंग १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये, लिटरला १ मिलिग्रॅमला साधारण ०.२ शोषणांक (द्रावणाने किती प्रकाश गिळला त्याचं माप) देतो. हा आकडा ध्यानात ठेवा. तुमचं १ मिलिग्रॅमचं प्रमाण द्रावण ०.०५ दाखवत असेल तर यंत्राला शिव्या देऊ नका, बफर कमी पडलंय. आम्ल घातलेल्या नमुन्याला (घातलंय ना?) अमोनियम ॲसिटेट बफर (सामू जागेवर धरून ठेवणारं द्रावण) भरपूर लागतं, सामू (पीएच) ३ च्या आसपास आला नाही तर रंग नीट चढत नाही.

यंत्रात फिल्टर ५१० किंवा ५२० नॅनोमीटरचा. द्रावण केशरी दिसतं म्हणून लाल फिल्टर लावणारे दरवर्षी भेटतात. द्रावण जो प्रकाश गिळतं तोच मोजायचा असतो, जो सोडून देतं तो नाही. काचेचे क्युव्हेट चालतात, क्वार्ट्झ लागत नाही. धरायचे खरखरीत बाजूने. दिवा अर्धा तास तापू द्या, आणि लाईन गेली तर आल्यावर परत तापवून परत शून्य लावा. आपल्याकडे लाईन जाणारच.

शोषणांक १ म्हणजे दहा टक्केच प्रकाश पार गेला, २ म्हणजे एकच टक्का. ०.८ च्या वर गेलं की पातळ करून परत घ्या.

उरलेलं भराभर. नमुना हलवून मगच ५० मिली काढा, गाळू नका. थोडं आम्ल आणि, फेरिकचं परत फेरस करायला, हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड घालून उकळा, थंड करा. मग बफर, फेनँथ्रोलीन, १०० मिलीपर्यंत भरा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, वाचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची, आयएस १०५०० ची, लोहाची मर्यादा २०१२ मध्ये लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती, २०१५ च्या दुरुस्तीत ती १ झाली; कोणती धरली ते अहवालात लिहा. आणि ५० चे १०० केलेत, तेव्हा आलेला आकडा दुप्पट करायचा.